शून्याचा अर्थ सांगणारे पान

मित्रांनो, मी एक जुने पान आहे. नारीन नावाच्या डोंगराळ भागातल्या एका घाटचौकीत, जाड फाइलमध्ये माझा मुक्काम असतो. दोन संगणक एकमेकांशी बोलतात तेव्हा मध्ये जी खिडकी उघडते तिला सॉकेट म्हणतात. त्या खिडकीतून आलेला मजकूर उचलून देणाऱ्या आणि किती अक्षरे आली तो आकडा सांगणाऱ्या फंक्शनची, म्हणजे प्रोग्रामच्या एका छोट्या तुकड्याची, माहिती माझ्यावर आहे.

फंक्शन चौकीचे प्रोग्राम लिहिणाऱ्या इल्गिझने लिहिले. मला मात्र सायराकानने. ती पूर्वी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. सगळे तिला एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणत. स्वतः पडताळल्याशिवाय ती एक अक्षर लिहीत नसे. एका ओळीसाठी तिने इल्गिझला पलीकडचा संगणक दिवसभर बंद-चालू करायला लावला. तो वैतागला.

“एजे, कोड वाचला की कळतं की सगळं.”

“कोड काय करतो ते कळतं. पण शून्य आलं तर माणसानं काय समजायचं, ते कुठं लिहिलंयस?”

संध्याकाळी माझ्यावर ओळ उमटली: ‘शून्य आले म्हणजे सारे शांत आहे असे नव्हे, पलीकडच्याने खिडकी लावून घेतली आहे.’

पुढे एजे निवृत्त झाली. माझ्यावर चहाचे पेले टेकू लागले, तळलेल्या बोरसोकचे तेल माझ्या कडांना लागले. मला कोणी वाचीना.

एका जानेवारीत, भर दुपारी, चौकीवरची जिपारा पडद्याकडे टक लावून बसली होती. वर खिंडीत बर्फ घसरू लागले की तिथले यंत्र कळवते. पडद्यावर सकाळपासून ‘शांत’ होते, आणि बाहेर वारा तावदाने हलवत होता. तिने नोंदी उघडल्या, तर यंत्राकडून नुसती शून्ये. तिने फाइल काढली, मला वाचले आणि इल्गिझला फोन लावला. पडद्याचा प्रोग्रामही त्याचाच होता, आणि तो शून्याला ‘शांत’ समजत होता. ते पान फार जुने आहे, त्यावर जाऊ नकोस, असे तो म्हणाला.

“पान जुनं असेल, बाइके,” थोरल्या भावाला म्हणतात तसे ती म्हणाली, “पण फंक्शन कुठं बदललंय?”

तिने आडकाठी खाली घेतली. मालट्रकांची रांग लागली. एका ड्रायव्हरने टोमणा मारला, “आता कागद वाचून खिंड बंद करणार का, बाई?” तिने आडकाठी उचलली नाही.

तासाभरात खिंडीतला रस्ता बर्फाखाली गेला. त्यावर चिटपाखरूही नव्हते. यंत्राची बॅटरी सकाळीच उतरली होती, आणि संपर्क बंद करून ते झोपी गेले होते.

दुसऱ्या दिवशी इल्गिझ मला घेऊन एजेच्या घरी गेला. आपल्याच फंक्शनचे पान आपण कधी वाचले नाही, हे त्याने मान खाली घालून सांगितले. ती रागावली नाही. चष्मा लावून तिने मला पहिल्यापासून वाचले. एका जागी तिचे बोट थांबले.

“आणि मधला दुवाच तुटला तर? मग शून्यसुद्धा येणार नाही. माणूस नुसता वाट बघत बसेल. हे मी लिहिलंच नाही रे.”

दोघांनी तिथेच इल्गिझचा लॅपटॉप एजेच्या संगणकाला जोडला आणि मधली तार काढून ते तपासून पाहिले. मग माझ्या समासात तिने निळ्या शाईने ती ओळ लिहिली.

मित्रांनो, मला कपाटात जपून ठेवू नका. मला वाचा, आणि जिथे मी अपुरे पडेन तिथे तुमची ओळ लिहा.