रांजणातला वंश

चांगुणाने रांजण कलता केला आणि तळचं पाणी अंगणात सोडलं.

"घ्या, पाहा आता."

नागपूरच्या प्रयोगशाळेतून आलेली सुचिता गुडघ्यांवर बसली आणि तिने रांजणाच्या तोंडात बॅटरी धरली. पाण्याची रेघ जिथवर चढली होती, तिथे काळे बारीक ठिपके चिकटलेले होते. मऊ कुंचल्याने ती एकेक ठिपका ओल्या कागदावर उतरवू लागली. सोन्याचा कण असावा अशी तिची निगुती पाहून चांगुणाला हसूच आलं असतं, पण या घरात हसणं कधीच मागे पडलं होतं. बाजेवर तिचा नवरा जानराव दोरी वळत बसला होता. कोण आलं, कशाला आलं, त्याने विचारलं नव्हतं.

हा रांजण पोराच्या लग्नात पाहुण्यांसाठी घेतलेला. सोनाळ्याच्या त्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा यायचा, पण चांगुणाचा रांजण कधी रिकामा दिसला नाही. अर्धा झाला की वरून भरायचा. तळ दिसू द्यायचा नाही आणि घासायलाही काढायचा नाही, कारण घासायचा तर आधी पाणी सांडावं लागतं. तिच्या या संसारीपणाचं गल्लीत फार कौतुक होतं.

"काय हाय हे, ताई?"

"डासांची अंडी, मावशी. कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने मरत नाहीत. पाणी मिळालं की अळ्या बाहेर." सुचिताने मान वर केली. "याच रांजणातली मी दोन वर्षांमागे नेली होती. गल्लीत घरोघर फिरलो तेव्हा. तुमच्याकडे दुखवटा होता म्हणे, तुम्ही आत झोपून होता. कोणाला काही विचारलं नाही मी."

चांगुणाला ते दिवस आठवत नव्हते.

"मंग काय केलं त्या अंड्याचं?"

"वाढवली. त्यांची पिल्लं, मग त्यांची पिल्लं. वीसेक पिढ्या झाल्या असतील आता."

वीस पिढ्या. चांगुणाच्या घरात तर एकही पुढे सरकली नव्हती.

"खायाले काय देता त्याईले?"

"रक्त. बकऱ्याचं."

"मारायचं सोडून पोसता काऊन?"

हा प्रश्न सुचिताला गावोगाव विचारला जात असावा. तिने कुंचला बाजूला ठेवला.

"सगळे डास सारखे नसतात, मावशी. डेंग्यू झालेल्या माणसाला दोन डास चावले समजा. एकाच्या पोटातच तो विषाणू अडकून पडतो, पुढे सरकत नाही. दुसऱ्याच्या पोटातून तो थुंकीपर्यंत पोचतो आणि मग तो डास ज्याला चावेल त्याला ताप. हा गुण पुष्कळदा वंशातूनच येतो, आईबापाकडून पोराकडे. म्हणून ठिकठिकाणची अंडी नेली आणि ताडून पाहिली. खामगावची, इथली, लोणारची."

चांगुणाचा हात रांजणाच्या काठावर थबकला.

सून लोणारची होती. समता. पंचमीला माहेरी गेलेल्या बायकोला आणायला प्रसेनजित लोणारला गेला, दोन रात्री राहिला आणि तिला घेऊन आला. घरी पाय टाकला त्याच संध्याकाळी त्याला ताप चढला. खामगावच्या दवाखान्यातून तो परत आला तो चादरीत गुंडाळलेला. भरल्या घरात, सगळ्यांदेखत चांगुणा म्हणाली होती, "लोणारचा ताप घेऊन आली हे माह्या घरात." समताने मान खाली घातली, ती वर केलीच नाही. तिचा भाऊ न्यायला आला तेव्हा तिला कोणी थांबवलं नाही. जानराव एवढंच म्हणाला होता, "पोरीचा काय दोष?" त्यानंतर तो बायकोशी कामापुरतंच बोलायचा.

"लोणारचे कसे हायेत?" चांगुणाने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ते बरे म्हणायचे. बहुतेकांच्या पोटातच अडकतो तो."

"अन् आमचे?"

"तुमच्या रांजणातले सगळ्यांत वाईट. इतके सहज पसरवणारे आम्हाला दुसरीकडे मिळालेच नाहीत. म्हणून तर परत आले." मग घाईने म्हणाली, "पण त्यावरून कोणाला कुठला डास चावला हे सांगता येत नाही, मावशी. आणि चावला की लगेच ताप येतो असंही नाही. चार-पाच दिवस तरी जातातच."

बाजेवरची दोरी वळायची थांबली. दोन रात्री. हिशोब काही मोठा नव्हता, चौथी शिकलेल्या चांगुणालाही तो आला. म्हणजे लोणारला जाण्याआधीच त्याला डास चावला होता.

सुचिताने कागद डबीत ठेवला आणि झाकणावर पेनाने लिहिलं. चांगुणाने ती अक्षरं वाचली आणि पुन्हा वाचली.

"हे नाव काऊन टाकलं?"

"प्रत्येक वंशाला नाव द्यावं लागतं. आम्ही घराचं देतो. तुमच्या दाराशेजारी भिंतीवर हे एकच नाव होतं, मला वाटलं काकांचंच असेल."

दाराशेजारी लग्नात रंगवलेली निळी अक्षरं अजून तशीच होती: प्रसेनजित. त्याच्यापुढे समताच्या नावावर चुन्याचा पांढरा पट्टा होता. समता गेली त्या दुपारी चांगुणाने स्वतःच्या हाताने तो ओढला होता.

"तो आमचा पोरगा होता," जानराव म्हणाला. "डेंगूनंच गेला."

सुचिताने डबी पुन्हा उचलली. ती म्हणाली, "मला खरंच माहीत नव्हतं, काका. मी बदलते. नुसता आकडा टाकते."

"आकडा नोका टाकू," चांगुणा म्हणाली. "चांगुणा लिहा."

"मावशी, असं कशाला…"

"रांजण माहा हाय. पानी मीच भरून ठेवलं होतं. लिहा."

सुचिताने लिहिलं. अक्षर नीट उमटलं की नाही, ते चांगुणाने वाकून पाहिलं.

गाडी गल्लीतून बाहेर पडली तेव्हा चांगुणा भिंतीशी उभी होती. तिने ओलं फडकं चुन्याच्या पट्ट्यावर घासलं. चुना सुटू लागला, पण त्याच्यासंगती खालचा निळा रंगही फडक्यावर उतरत होता. ती तरी घासतच राहिली.

जानराव बाजेवरून उठला. त्याने तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"राहू दे. पुसून नाई होत ते," तो म्हणाला. "जाऊन सांगा लागन तिले."