पांढऱ्या रंगाखालची शेवटची ओळ

मी पाटी बोलतेय. किनाऱ्यावर, नारळाच्या बुंध्याला गंजक्या खिळ्यांनी ठोकलेली. वाचायला आता कोणी येत नाही, म्हणून बोलतेय. जरा फटकळ बोलले तर राग मानू नका. माझ्या अंगावरची अक्षरं अपोलोनियाच्या हातची आहेत, आणि तिची जीभ कशी होती ते तिमोरच्या या टोकाला कुणालाही विचारा.

आधी मी होडीत होते. लाउरिंदोच्या होडीची उजवी बाजू. त्याच्या बायकोनं भाजलेल्या मक्याच्या वासावर आम्ही निघायचो आणि ऊन चढायच्या आत परतायचो. एका वादळात होडी खडकावर आपटली. बाकीच्या फळ्यांचं सरपण झालं, मला मात्र लाउरिंदोनं करवतीनं अलगद कापून घेतलं. म्हणाला, "हिनं इतके मासे दिले, हिला चुलीत कशी घालू?"

त्याची पोरगी अपोलोनिया. तिनं शाळा अर्ध्यात सोडली. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, आणि मास्तर शिकवणार तिसरीत. ती तिसरी मास्तरांनाच धड येत नव्हती. हे तिनं एकदा वर्गात बोलून दाखवलं. मग तिनं शाळेला सोडलं की शाळेनं तिला, यावर घरात शेवटपर्यंत वाद होता.

शाळा कायमची सुटल्यावर तिनं आईच्या मागे लागून बांबूच्या खोल्या उभ्या केल्या. उन्हाळ्यात लांबलांबचे पाहुणे यायला लागले. आल्या आल्या प्रत्येकजण तेच प्रश्न विचारायचा. उत्तरं देऊन ती वैतागली आणि एक दिवस तिनं मला उचललं, घासलं, रंगवलं. पाहुण्यांकडूनच उचललेल्या इंग्रजीत लिहिलं:

पाणी उकळलेलंच प्या. सुटे पैसे आणा, मोठ्या नोटेकडे इथं सगळे नुसते बघत बसतील. पाऊस लागला की रस्ता विसरा. पूर्वजांच्या घरात बोलावल्याशिवाय शिरू नका. कोंबडा भलत्या वेळी आरवेल, त्याला इलाज नाही.

आणि सगळ्यात खाली, लाल रंगात: नदी समुद्राला मिळते तिथं पाण्यात उतरू नका. मगर आहे.

शेजारी तिनं मगरीचं चित्रही काढलं. जबडा उघडा, दात मोठे.

ते दिवस चांगले होते. पाहुणे माझ्यासमोर उभे राहून फोटो काढायचे. बरेचजण न वाचताच. माणसाला सल्ला पाठीशी ठेवून हसायला फार आवडतं. तरी कोणीतरी खालची लाल ओळ वाचायचा आणि नदीकडे वळलेले पाय मागे घ्यायचा. तेवढ्यावर मी खूश असायचे.

मग झेफेरिनो आला. पूर्वजांचं घर म्हणजे आमचं देऊळच, त्याची किल्ली त्याच्याकडे, आणि गावात कोण बरोबर नि कोण चूक हे ठरवायचा हक्कही. त्याला वाचता येत नव्हतं, पण दात दिसत होते.

"हे काय काढलंयस?" तो म्हणाला.

"मगर," अपोलोनिया म्हणाली.

तिथं असलेल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. आमच्याकडे तिला मगर म्हणत नाहीत. आजोबा म्हणतात. हे अख्खं बेटच आजोबांच्या पाठीवर वसलंय.

"आजोबांचे दात परक्यांना मोजायला लावतेस? घरच्या वडीलधाऱ्याबद्दल असं चव्हाट्यावर लिहितात?"

"पाहुण्यांना कुठं माहितीय ते कुणाचे आजोबा आहेत? आणि आजोबांना तरी कुठं माहितीय पाहुणा कोण नि नातू कोण?"

"आजोबा फक्त पापी माणसाला नेतात," झेफेरिनो म्हणाला. मग तो पोरीला सोडून बापाकडे वळला. "लाउरिंदो, तुला भीती वाटते का रे? तू म्हणे नदीचं तोंड टाळून जाळं टाकायला पार खडकांपलीकडे जातोस. ज्याच्या पोटात काही असतं त्यालाच भीती वाटते. तुझ्या पोटात काय आहे?"

बायका हसल्या. लाउरिंदोही हसला, पण उशिरा.

त्याच दिवशी त्यानं स्वतः पांढऱ्या रंगाचा डबा आणला. माझ्या शेवटच्या ओळीवरून आणि शेजारच्या चित्रावरून कुंचला फिरवला. ज्या हातानं मला चुलीपासून वाचवलं, त्याच हातानं माझं तोंड बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जाळं खांद्यावर टाकून नदीच्या तोंडाकडे निघाला.

"बाबा, इतकी वर्षं तिथं जात नव्हतात. आज काय झालं?"

"लोक बघतात, पोरी."

"बघू देत की!"

"गेलो नाही तर म्हणतील, याच्या पोटात पाप आहे."

"म्हणू देत. म्हणून कोणी मरत नाही."

"तुला नाही कळायचं," तो म्हणाला आणि पाण्यात उतरला. आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. किनाऱ्यावर बघणारे होते, म्हणून आणखी थोडा पुढे.

मी पाहिलं. पाटीला डोळे मिटता येत नाहीत.

नंतर जाळं तेवढं परत आलं. शवपेटीत ठेवायला काही मिळालं नाही, म्हणून दोमिंगासनं, त्याच्या बायकोनं, त्याचा धुतलेला सदरा घडी करून ठेवला आणि स्वतः काळे कपडे घातले. लोक मेणबत्त्या घेऊन आले, फुलं टाकली, कॉफी प्यायले आणि अंगणात कुजबुजले. काहीतरी केलं असणार त्यानं. कुणी म्हणे बांध सरकवला, कुणी म्हणे पूर्वजांच्या राईतलं झाड तोडलं. कालपर्यंत ज्याच्या जाळ्यातले मासे खाल्ले, त्याचं पाप शोधायला सगळं गाव कामाला लागलं.

झेफेरिनोला खुर्ची दिली होती. तो म्हणाला, "घरच्यांनी पूर्वजांपुढे चूक कबूल करावी. म्हणजे डाग जाईल."

"एकच चूक केली बाबांनी," अपोलोनिया म्हणाली. "तुमचं ऐकलं."

"पोरी, आजोबा चुकत नसतात."

"कुठले? पाण्यातले की खुर्चीवरचे?"

आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. कबुली काही दिली नाही मायलेकींनी. मग गावानं त्यांच्याकडे मासे द्यायचं थांबवलं, कोणी त्यांच्या ओट्यावर बसेना. लोसपालोसहून येणारा ट्रकवाला पाहुण्यांना दुसरीकडे उतरवू लागला. दोमिंगास बहिणीकडे बाउकाउला गेली. अपोलोनियाला ऑस्ट्रेलियात फळं तोडायचं काम मिळालं.

जायच्या आधी ती माझ्याकडे आली. या खेपेला रंग नव्हता हातात. तिनं लोखंडी सळई लाल होईपर्यंत तापवली आणि पांढऱ्यावर तीच शेवटची ओळ, अक्षर न् अक्षर जाळून कोरली. मला दुखलं, खोटं कशाला सांगू? पण चुलीतून वाचले त्याचं कारण मला तेव्हा कळलं.

"आता पुसा म्हणावं," ती म्हणाली. मग माझ्यावर कपाळ टेकून बराच वेळ उभी राहिली. ट्रकनं भोंगा दिला तेव्हा गेली.

दोन-चार दिवसांत झेफेरिनो डबा घेऊन हजर. वाचता येत नसलं तरी कुठली ओळ ते त्याला बरोबर ठाऊक होतं. त्यानं तिच्यावर पांढरा रंग थापला, पुन्हा थापला, मग शेताकडे निघाला. त्याचं शेत नदीपलीकडे. जन्मभर तो नदीच्या तोंडाशीच वाळूवरून पाणी ओलांडायचा. त्यानं विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. पाण्याच्या कडेला उभा राहिला. मागे वळून पाहिलं, कोणी बघतंय का. किनारा मोकळा होता. मी होते, पण मला कोण हिशेबात धरतं?

त्यानं विजार खाली सोडली आणि टेकडी चढून पुलाकडे गेला. केवढा तो वळसा! तेव्हापासून रोज पुलावरूनच जातो. कोणी विचारलं तर म्हणतो, "गुडघ्यात वात धरलाय, थंड पाणी सोसत नाही."

गुडघ्यात वात! आणि लाउरिंदोच्या मात्र पोटात पाप!

एवढंच मला ठाऊक आहे, आणि एवढंच मी गावात कुणाला सांगू शकत नाही. खोल्यांचे बांबू वाकलेत. माझ्या एका कोपऱ्याला वाळवी लागलीय. पलीकडे पाणी तसंच शांत, सुंदर, पोहावंसं वाटणारं.

तुम्ही कधी इकडे आलात तर पाणी उकळून प्या, सुटे पैसे आणा. माझ्या खालच्या पांढऱ्यावर बोट फिरवा, अक्षरं हाताला लागतील. तेवढा वेळ नसला तर इथल्या म्हाताऱ्यांना रस्ता विचारू नका, ते स्वतः कुठून चालतात ते बघा.

आणि तिकडे कुठल्या मळ्यात फळं तोडणारी, तोंडानं फटकळ अशी पोरगी भेटली, तर तिला माझा निरोप द्या. म्हणावं, झेफेरिनो आता पुलावरून जातो.

बाकी तिला कळेल.