त्रिपोच्या नावाचा दगड

"दगड घरचाच घे गं. किनाऱ्यावरचा कुणाचाही असतो," आई सांगायची.

खाडीकाठच्या आमच्या पेरास्त गावात दरवर्षी जुलैतल्या सणाला सूर्य कलला की पुरुष होड्या एकमेकींना बांधून मरियामातेच्या बेटाकडे निघतात आणि तिथल्या चर्चभोवती पाण्यात दगड सोडतात. बायका काठावर प्रार्थना म्हणत थांबतात. ज्या घरचा माणूस समुद्रावर आहे, त्या घरचा दगड तो सुखरूप परतावा म्हणून जातो.

माझ्या भावाचं, त्रिपोचं, जहाज बुडालं. काही जण परतले, तो नाही. आईनं त्याच्यासाठी मृतांची मिस्सा, चर्चमधली आत्म्याच्या शांतीची प्रार्थना, कधी सांगू दिली नाही. त्याला उशीर होतोय, एवढंच ती म्हणायची, आणि पडक्या किल्ल्यावर चढून खाडीच्या तोंडाकडे बघत बसायची.

कप्तान पणजोबांनी बांधलेला आमचा व्हिला समोरून अजून ऐटदार दिसतो. मागची भिंत मात्र पणजोबांच्या काळापासून दरसाल दगड देऊन गुडघ्याएवढी राहिली आहे. दगड न्यायचा तो शेजारचा फ्रानो, त्याच जहाजावरून परतलेला. "मावशी, पुढच्या वर्षी जिना उपसायचा का? मग त्रिपो वर चढणार कसा?" असं तो चिडवायचा. आई हसून त्याच्या हातावर अंजिरं ठेवायची.

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात आई गेली. तो येईपर्यंत दगड चुकवणार नाही आणि मिस्सा सांगणार नाही, असा शब्द तिनं जाताना माझ्याकडून घेतला. रोज जपमाळ संपवून मी आमच्या मृतांची नावं घेते. त्रिपोचं नाव घेत नाही.

यंदा सणाला फ्रानो भिंतीकडे गेलाच नाही. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला. दगड नेणार नाही म्हणाला.

"का रे, कंबर धरली का?" मी विचारलं.

तो हसला नाही.

"कातिना, मी त्याचा हात धरला होता. सुटला. बुडताना पाहिलंय मी त्याला."

मग त्यानं सगळं सांगितलं. तो परतला तेव्हा आई धक्क्यावर उभी होती. काही विचारायच्या आधीच म्हणाली, तो मागच्या जहाजानं येतोय ना? याच्या तोंडून 'हो' गेलं. तेवढं एक 'हो' तो दरवर्षी दगडाबरोबर वाहत होता. आता मावशी नाहीत, चल, मिस्सा सांगू, त्रिपोला शांती मिळू दे, असं तो म्हणत राहिला.

मला त्याचा राग येईना. त्रिपो घाबरला होता का, एवढंच मी विचारलं.

"आईला हाक मारत होता."

मी भिंतीकडे वळले.

"मिस्सा तू सांग," मी म्हटलं. "तू कुणाला शब्द दिलेला नाहीस."

भिंतीतला एक दगड मी हलवून मोकळा केला आणि ओच्यात घेतला. धक्क्यावर पुरुष होड्यांना सजावटीच्या फांद्या बांधत होते. मला पाहून ते बाजूला सरले. मी आमच्या होडीचा दोर सोडला आणि वल्ही हातात घेतली.