अठराव्या मजल्यावर काय होतं

लिफ्टवाला गेला त्याला अजून आठवडाही झाला नव्हता, तोच त्याच्या मुलाने बापाची शोकसभा संगणकावर भरवायचं ठरवलं. हा मुलगा मोठमोठ्या कंपन्यांना सभा कशा घ्याव्यात ते शिकवायचा. कोणी किती मिनिटं बोलायचं, कुठे मान डोलवायची, कुठे गंभीर व्हायचं, हे शिकायला भरल्या वयाची माणसं त्याच्यासमोर वह्या घेऊन बसत. जग कुठल्या थराला गेलंय ते यावरून ओळखावं.

"सगळे दूर दूर विखुरलेत, आई. हाच मार्ग आहे," तो म्हणाला.

"अरे, बाबांच्या हाताखालचा तो ग्रीस मागच्या गल्लीत राहतो. खिडकीतून हाक मारली तर चपला घालायच्या आत येईल."

"त्यालाही लिंक पाठवलीय."

लिफ्टवाल्याच्या हाताखालची सगळी टोळी त्याच्या बायकोला वहिनी म्हणे, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. तर वहिनींनी होकार दिला. त्यांना त्या सभेत एकच काम होतं, आणि ते करायचंच होतं.

लिफ्टवाला हा आजवर झालेल्या सगळ्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांत अव्वल थापाड्या. कोणी लिफ्टमध्ये अडकलं की हा हत्यारांची पिशवी खाली ठेवायचा, दाराच्या फटीला तोंड लावायचा आणि गोष्ट सुरू करायचा. आतला माणूस हसल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. घाबरलेला माणूस दार उघडताच उडी मारतो आणि तंगडी मोडून घेतो, हसलेला माणूस सावकाश बाहेर येतो, असं त्याचं शास्त्र होतं. एकदा म्हणे दार उघडल्यावर आतल्या बँकवाल्याने "थांबा, पुढे काय झालं ते आधी सांगा" म्हणून आतून दार ओढून घेतलं होतं. खरंखोटं त्या बँकवाल्यालाच ठाऊक.

पण त्याची खरी गोष्ट एकच, अठराव्या मजल्याची. सोळा मजल्यांच्या इमारतीत दुरुस्तीनंतर लिफ्ट तपासायला तो एकटा आत बसला आणि सोळाचं बटण दाबलं. लिफ्ट सोळाव्यावर थांबली नाही. सतराव्यावरही नाही. फटीतून त्याला गच्चीवरची पाण्याची टाकी खाली जाताना दिसली, मग एक घार खाली गेली, पंखांची वरची बाजू दाखवत. मग लिफ्ट थांबली. अठरावा मजला. दार उघडलं. आणि समोर...

इथे तो चहाचा शेवटचा घोट घ्यायचा, कप पालथा घालायचा आणि म्हणायचा, "चला रे, कामं पडलीत."

एकतीस वर्षं टोळी त्या दारासमोर उभी होती. 'ग्रीस' म्हणायचा, समोर नुसतं आभाळ असणार. 'पाना' म्हणायचा, आत इमारतीच्या मालकाचा मेलेला बाप हिशेब तपासत बसला असणार. तिसरा होता 'अडीच'. बोलताना अर्ध्यात थांबायचा म्हणून हे नाव. तो काहीच म्हणायचा नाही, फक्त दर महिन्याला न चुकता विचारायचा, "मग समोर काय...?"

दवाखान्यात शेवटच्या दुपारी लिफ्टवाल्याने वहिनींना जवळ बोलावून तो शेवट सांगितला. "तिघांना सांग," म्हणाला. "सगळ्यांना एकदम. नाहीतर जन्मभर माझ्या नावाने बोटं मोडतील."

वहिनींनी हे मुलाला सांगितलं, तेव्हा त्याने पेन काढून कार्यक्रमाच्या कागदावरची एक ओळ खोडली. 'आईचं मनोगत, तीन मिनिटं' अशी ती ओळ होती.

"आई, माझ्या ऑफिसचे लोक आहेत. असल्या थापा बाबांच्या प्रतिमेला शोभत नाहीत."

"कुठली प्रतिमा?"

"मी लिहिलीय," मुलगा म्हणाला.

सभेच्या दिवशी दुपारी त्याने आईला टॅब्लेट देऊन स्वयंपाकघरात बसवलं. दोन यंत्रं एका खोलीत ठेवली की आवाज घुमतो, हे कारण. स्वतः तो बाहेरच्या खोलीत कोट घालून बसला. कोटाखाली घरातली ढगळ चड्डी. शेजारी सूनबाई, हातात घडी न मोडलेला रुमाल. पाठीमागे खोटं चित्र लावलेलं, धुक्यातले डोंगर. लिफ्टवाला उभ्या आयुष्यात डोंगरावर गेला नव्हता. वर जायचं तर तो लिफ्टने जाई.

वहिनींनी टॅब्लेट साखरेच्या डब्याला टेकवला आणि चष्मा चढवला. छत्तीस चौकटी, छत्तीस तोंडं. मुलाच्या ऑफिसचे सात जण, सातही जणांचा चेहरा एकाच साच्यातून काढलेला. चुलत दिराचं फक्त कपाळ दिसत होतं, आणि तेही चकचकीत. एक मावससासू कॅमेऱ्यात स्वतःलाच बघून केस सारखे करत होती. कोणी गाडी चालवता चालवता शोक करत होतं. आणि खालच्या ओळीत, दाटीवाटीने, ग्रीस, पाना आणि अडीच, इस्त्रीचे शर्ट घालून, फोटोला बसल्यासारखे ताठ.

"वहिनी, दिसताय हो!" पाना ओरडला. "चहा झाला का?"

"वहिनी, तुमचा पंखा अजून तसाच खडखडतोय? मी येऊन..." अडीच म्हणाला आणि थांबला.

मुलाने लगेच सगळ्यांचे आवाज बंद केले, आणि कुणाला स्वतःहून उघडताही येऊ नये अशी तजवीज केली. मग ग्रीसने लिहून पाठवलं, 'वहिनी, अठराव्याचं काय?' तेव्हा लिहिण्याची सोयही बंद केली. "शिस्त," तो म्हणाला. घरातले सगळे फोन त्याने आधीच बंद करून खणात टाकले होते. मग संथ, रडवेलं संगीत वाजलं. त्यात त्याला खोकला आला म्हणून त्याने स्वतःचाही आवाज बंद केला, खोकला, पाणी प्यायला, संगीत थांबवलं, आणि भाषण सुरू केलं.

आवाज मात्र उघडला नाही.

भिंतीपलीकडून वहिनींना शब्द न् शब्द ऐकू येत होता. "माझे वडील अत्यंत मितभाषी होते..." टॅब्लेटमधून मात्र चकार शब्द नाही. पडद्यावर मुलाचं तोंड माशासारखं उघडत होतं, मिटत होतं. छत्तीस चौकटींत चुळबुळ सुरू झाली. कोणी कानाकडे बोट नेलं, कोणी हात हलवले, पान्याने पुठ्ठ्यावर 'आवाज नाही' असं लिहून धरलं. मुलाने पडद्यावर भाषणाचा कागद पसरला होता; बाजूला उरलेल्या नखाएवढ्या चौकटींत त्याला फक्त हालचाल दिसत होती. हात हलताहेत म्हणजे लोक हेलावलेत, असं त्याने ताडलं आणि आवाज आणखी जड केला.

वहिनी उठल्या. दारापर्यंत गेल्या. एक हाक मारली की काम होणार होतं.

"साधेपणा हा त्यांचा दागिना होता," भिंतीपलीकडून आलं. "ते कधी खोटं बोलले नाहीत."

वहिनी परत फिरल्या. दार लोटून घेतलं, कडी घातली आणि खुर्चीत बसल्या. बोल म्हणावं. पोटभर बोल.

लिफ्टच्या उभ्या बोगद्यात मोटार सुरू असली की हाक ऐकू येत नाही. म्हणून एक माणूस वर, एक खाली, आणि मधे हाताच्या खुणा, अशी या लोकांची कामाची रीत. मूठ म्हणजे थांब. तळवा वर म्हणजे वर घे. दोन्ही हात जोडून बाजूला केले म्हणजे दार उघड. दोन बोटं छातीवर म्हणजे आत माणूस आहे. या खुणा वहिनींना तोंडपाठ होत्या, कारण घरात अबोला धरला की लिफ्टवाला याच खुणांनी भांडत असे. एकदा सलग चार दिवस भांडला, आणि जेवताना रोज 'वर घे, वर घे' करून भात वाढून घेतला.

वहिनींनी मूठ वर धरली.

खालच्या ओळीतले तिघे जागच्या जागी थिजले. पान्याने पुठ्ठा खाली ठेवला.

तळवा वर. आणखी वर. मग दहा बोटं, मग सहा. तिघांनी माना हलवल्या. वहिनींनी मान नकारार्थी हलवली आणि पुन्हा तळवा वर केला. दहा बोटं आणि सात. पुन्हा वर. दहा आणि आठ. मग मूठ.

अडीचने दोन्ही हात तोंडावर घेतले.

वहिनींनी तळवे जुळवले आणि सावकाश, अगदी सावकाश, बाजूला केले. दार उघडलं. दोन बोटं छातीवर. आत माणूस आहे. ग्रीस कॅमेऱ्यात इतका पुढे आला की चौकटभर त्याचं नाकच उरलं.

मग वहिनींनी दोन्ही पंजे कानांशी नेऊन फडफडवले. टोळीत या खुणेचा अर्थ एकच होता: गिऱ्हाईक बोंबलतंय. आणि पाठोपाठ मनगटावर बोट आपटलं, एकदा, दोनदा, तीनदा. तीन दिवस झाले तक्रार करून! आत्ता येताय?

मग पाना खुर्चीतून मागे गेला, चौकटीत फक्त त्याचे पाय राहिले. ग्रीसच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तो टेबलावर हात आपटू लागला. अडीच हसता हसता मधेच थांबला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एक गोष्ट पूर्ण केली. चुलत दिराला काही कळलं नव्हतं, पण त्याचं कपाळही गदगदू लागलं. ऑफिसच्या साती जणांनी, कदाचित हेच शिकवलेलं असेल म्हणून, खांदे हलवले.

बाहेरच्या खोलीत मुलाला तोंडं उघडी, खांदे थरथरताना दिसले. त्याने दोन परिच्छेद जास्तीचे वाचले.

वहिनींनी शेवटची खूण केली, अंगठा तोंडाकडे, मग जमिनीकडे बोट. चहा. इथे. तीन चौकटी एकाच वेळी काळ्या झाल्या.

भाषण संपवून मुलगा कोटाची बटणं सोडत आला आणि स्वयंपाकघराची कडी वाजवली. वहिनींनी दार उघडलं. त्याचे डोळे चमकत होते.

"आई, पाहिलंस? एकूण एक माणूस हलला! असा प्रतिसाद मला आजवर मिळालेला नाही."

"हलले खरे," वहिनी पातेल्यात पाणी ओतत म्हणाल्या.

"तुला काय वाटलं भाषण?"

"मी भिंतीतून ऐकलं. तुझ्या बाबांनी ऐकलं असतं, तर हसून हसून परत मेले असते."

"तुला नाही कळायचं. सगळं रेकॉर्ड केलंय मी. माझ्या वर्गात नमुना म्हणून दाखवणार आहे, शोकसभा कशी घ्यावी."

"दाखव की. आधी एकदा स्वतः ऐक."

तो गेला. तेवढ्यात दारावर थाप पडली. बाहेर ग्रीस, पाना आणि अडीच, तिघेही इस्त्रीच्या शर्टात, धापा टाकत, कारण इमारतीची लिफ्ट बंद होती.

"वहिनी, तीन दिवस झाले तक्रार करून!" अडीच म्हणाला, एका दमात.

वहिनींनी चार कप मांडले. बाहेरच्या खोलीत मुलगा रेकॉर्डिंगचा आवाज वाढवत होता. पन्नास. ऐंशी. शंभर. मग त्याने सूनबाईला विचारलं, स्पीकरची पिन नीट बसलीय ना.