सुतकातलं पिंप

बायको हौसा गेल्याचं काशिरामला कळलं तो बुधवार होता. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका गोदामाच्या फाटकावर तो ट्रकचे नंबर लिहून घेत होता. फोन मैनाचा. ती त्याच्याच कोन नावाच्या गावातली आशाताई, घरोघर फिरणारी आरोग्यसेविका. "काका, तुमी पनवेलला या," एवढंच ती म्हणाली. तिच्या आवाजावरून तो काय ते समजला. हौसा गावच्या आरोग्य समितीच्या बायकांबरोबर पनवेलच्या सरकारी दवाखान्यात बैठकीला गेली होती. चहा घेता घेता तिनं छाती धरली. डॉक्टर धावत आले तोवर सगळं आटोपलं होतं.

समिती पाच बायकांची, आणि हौसा त्यांची म्होरकी. दर शुक्रवारी त्या गावभर फिरायच्या. बॅटरीच्या उजेडात घराघरातलं पिंप बघायच्या आणि डासाच्या अळ्या दिसल्या की मालकिणीकडूनच ते उपडं करवून घ्यायच्या. नळाला दिवसाआड पाणी, त्यात भरलेलं पिंप ओतायला सांगायचं म्हणजे भांडणच. "गावाची सासू आली," म्हणत बायका दार लोटून घ्यायच्या. हौसा ओट्यावर फतकल मारून बसायची. "सासूला चहा नाय पाजत काय गं?" मग दार उघडायचं.

मयत उचलल्यावर बायकांनी रीतीप्रमाणे घरातलं साठवलेलं पाणी ओतलं. हंडे, कळशा, माठ रिकामे झाले. शेजारची ठमाबाई समितीतलीच. ती परसातल्या पिंपाकडे वळली तेव्हा काशिराम म्हणाला, "तेवढं राहू दे. सकाळीच भरलंय तिनं."

ठमाबाईनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि हात मागं घेतला.

पहिला शुक्रवार सुतकात गेला, दुसराही. समितीच्या बायका रोज येऊन बसत, डोळे पुसत. पण सुतकाच्या घरात बॅटरी घेऊन कोण फिरणार? बारावं उरकलं. तिसऱ्या शुक्रवारी त्या पुन्हा निघाल्या, काशिरामच्या दारात जरा थांबल्या आणि पुढं गेल्या. हौसाच्याच घरात काय बघायचं, असं त्यांना वाटलं. काशिराम समोरच्या नळावर आंघोळ करी, पिंपातलं पाणी वापरत नसे. मध्ये एकदा त्यानं झाकण काढून आत पाहिलं होतं. ते परत नीट बसलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात ठमाबाईची सून कोमल तापानं फणफणली. तिला पाचवा महिना होता. रक्तात डेंगी निघाला, पेशी उतरायला लागल्या आणि तिला पनवेलला दवाखान्यात ठेवलं.

डास कुठं झाले ते मैना शोधायला लागली, पण ठमाबाईला धीर कुठला? मागच्या चाळीत लातूरकडची कुमुद भाड्यानं राहत होती. तिच्या दारातला भरलेला ड्रम ठमाबाईनं सरळ उलटा केला.

"भायेरून येता नि गावात घाण करता! माझी सून तिकडं मरनाला टेकलीय."

"मावशी, सकाळी भरलंय ते. एक तरी अळी दाखवा की!"

"तू मला अळी शिकवतीस? आमी गावाची पिंपं बघतो!"

काशिराम हे भिंतीपलीकडून ऐकत होता. तो परसात गेला आणि त्यानं पिंपाचं झाकण काढलं. पाणी वळवळत होतं. त्यानं पिंप आडवं केलं, आतून घासलं, उन्हात ठेवलं आणि कामावर निघून गेला. कुणाला काही बोलला नाही.

दोन दिवसांनी मैना भेटली, तिच्याकडून त्याला पुढचं कळलं. धूर मारायची गाडी चाळीपुढं येणार होती. त्या बाईला खोली खाली करायला सांगा, असं बायकांनी चाळमालकाला कळवलं होतं. कोमलच्या पेशी वाढत होत्या, चार-पाच दिवसांत ती घरी येणार होती. काशिरामनं हिशेब केला. अळ्या गेल्या होत्या, पण उडालेले डास त्याच्याच घरात होते, आणि कोमलच्या खोलीला त्याच्या परसाची भिंत लागून होती.

तो ठमाबाईच्या ओट्यावर जाऊन उभा राहिला. मैना त्याच्याबरोबर होती.

"अळ्या माझ्या पिंपात होत्या," तो म्हणाला. "परवा ओतल्या. धूर पयला माझ्या घरात मारा."

ठमाबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"परवा? नि मी त्या बाईच्या दारात बोंबलत होते, ते तू ऐकत होतास?"

"होय."

"हौसा असती तर तुला पयला झोडला असता."

"तुमालाबी, ठमाबाई," मैना म्हणाली. "तीन शुक्रवार झाले, हौसाचं पिंप कुणी बघितलं? मीबी नाय."

ठमाबाईनं सूप पुन्हा हातात घेतलं, पण निवडायला तिला सुचेना. "तिच्या घरात बॅटरी घेऊन शिरायला जीव व्हत नाय रे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काशिरामच्या घरात धूर मारला. पाच दिवसांनी कोमल घरी आली. बाळाचे ठोके चांगले आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. चाळमालकाला मैनानं निरोप दिला, त्यामुळे कुमुदची खोली राहिली. चौथ्या शुक्रवारी बायका आल्या, तेव्हा काशिराम त्यांना स्वतः परसात घेऊन गेला.

कुमुद नळावर त्याला दिवसाआड दिसते. चूक तिची नव्हती, असं तिच्या तोंडावर अजून कुणी म्हटलेलं नाही. ठमाबाईनं नाही, काशिरामनंही नाही.