मांस तुमचं, हाडं आमची

रिश्तान गावातल्या कुंभारगल्लीत मुलाला कामावर घालायची एक रीत होती. आई त्याला उस्तादांच्या दारात उभं करी, त्यांच्या हाती गरम नान देई आणि म्हणे, "मांस तुमचं, हाडं आमची." म्हणजे झोडपा हवं तेवढं, पण शिकवा. मुहय्योनेही आपल्या मुलाला, तुल्किनला, सोबितजान उस्तादांच्या हवाली करताना हेच म्हटलं होतं, तेही हसत.

उस्तादांनी मांस घेतलं, हाडही सोडलं नाही. वाडग्याची कड वाकडी आली म्हणून त्यांनी लाकडी थापटणं असं हाणलं, की पोराची दोन बोटं कायमची वाकली. मुहय्यो जाब विचारायला गेली, तर म्हणाले, "मीपण असाच शिकलो. माझं काय बिघडलं?"

त्या दिवशी मुहय्यो पेटली. बायकांनी नक्षी काढावी, चाकाला शिवू नये, अशी तिथली चाल. तिने अंगणात चाक मांडलं. तुल्किन तोंडाने सांगे, ती हाताने करी. गल्ली फिदीफिदी हसली. पण हळूहळू काही पोरं-पोरी तिच्याकडे शिकायला येऊ लागल्या. तिच्याकडे बिघडलेला वाडगा फळीवर मांडत आणि तो का बिघडला हे सगळी पोरं मिळून शोधत. पुढे ताश्कंदच्या एका व्यापाऱ्याने नव्या घाटाची सुरई मागितली. उस्तादांकडे तीन-तीन वर्षं शिकलेली पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत बसली. मुहय्योकडे आठच महिने शिकलेल्या एका पोरीने तिसऱ्या खेपेला ती उतरवली. उस्तादांचं अंगण ओस पडू लागलं आणि मुहय्योला नव्या आयांनी आणलेला नान रोज गोड लागू लागला.

आणि आज सकाळी उस्ताद स्वतःच तिच्या दारात उभे होते. सोबत नातू जाहिद.

"पोरी, याला ठेवून घे. माझ्यापुढे बसला की याचा हात थरथरतो."

"ठेवते की! पण माझ्याकडच्या रीतीप्रमाणे म्हणा, उस्ताद. काय म्हणतात देताना?"

उस्ताद खाली बघू लागले. पोरांना सोडायला अंगणात आलेल्या आया तिथेच उभ्या राहिल्या.

"मांसही आमचं," ते पुटपुटले, "हाडंही आमचीच."

"मोठ्याने. तुल्किनला ऐकू जाऊ द्या."

त्यांनी पुन्हा म्हटलं. त्यांचा आवाज फाटला. मुहय्योला मुळीच दया आली नाही.

"आता बसा आणि बघा."

तुल्किनने आपला वाकड्या बोटांचा हात जाहिदच्या हातावर ठेवला आणि चाक फिरवलं. माती वर चढली, डगमगली आणि फसकन बसली. तुल्किन हसला. "छान! आता सांग बघू, का बसली?"

पण जाहिदने मातीने भरलेले दोन्ही हात डोक्यावर घेतले होते. डोळे घट्ट मिटून तो फटक्याची वाट बघत होता.

मुहय्यो उस्तादांकडे वळली.

"हे मात्र तुम्ही पक्कं शिकवलंत."