आठव्या मिनिटाचं भूत

दूधसंस्थेच्या पडवीत ही गर्दी! चुलीवर कढईत तेल उकळत होतं, तळाशी एक नाणं. भिंतीला टेकून शितल उभी होती, उजवा हात पदरात घट्ट गुंडाळून.

"दसऱ्यापासून ही बसली की यंत्र मरतं!" पोपटमहाराज गरजले. "आन् माझ्या हातात बघा!" त्यांनी कॉम्प्युटर चालू केला, अंगारा फुंकला आणि दोन मिनिटांत बंदही केला. "चाललं का न्हाई निमूट?"

"चाललं, महाराज!" लोक एका सुरात म्हणाले.

शितलचा नवरा जाऊन चार महिने झाले होते. तोच तिच्या मागं लागलाय, असा महाराजांचा निवाडा. तेलातलं नाणं तिनं हातानं न भाजता काढलं तर नोकरी राहील, भाजली तर गाव सोडायचं.

मी दौंडला कॉम्प्युटर दुरुस्ती शिकवते. शितल माझी विद्यार्थिनी, इथं संस्थेचा कॉम्प्युटर चालवते. तिचा फोन आला म्हणून धावत आले, आणि ते तेल बघून माझं टाळकंच फिरलं.

"बापूसाहेब, तुम्ही चेअरमन ना? मग आधी महाराजांना शितलच्या खुर्चीत बसवा. अर्धा तास."

"व्हय की, त्यात काय!" महाराज ऐटीत बसले. शितल दिवसभर करते ती सगळी कामं मी एकदम लावून दिली. पाचव्या मिनिटाला महाराज उठू लागले.

"बाई, आमच्या संध्येची येळ झाली."

"देव थांबेल हो. बसा!"

कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा किंचाळू लागला. चुलीवर तेल कडकडत होतं. आठव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

"आता महाराजांच्या मागं कोण लागलंय?" मी विचारलं.

वायर काढून, डबा गार होऊ देऊन मी तो उघडला. प्रोसेसरवरचा पंख्याचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, बोटानं हलत होता. चारपैकी दोन पाय बसलेच नव्हते. ठोकळा उचलला, तर खाली हळदकुंकवाचा जाड थर!

शिपाई आण्णांचा चेहरा पडला. "खंडेनवमीला म्याच पुजला, बाई. वजनकाटा, मशिनी, समदं पुसलं. ह्या ठोकळ्याखाली राखाडी चिकट घाण व्हती, ती खरवडली."

"आण्णा, ती घाण नव्हती. ती पेस्ट. तिच्यातून प्रोसेसरची उष्णता ठोकळ्यात जाते. ती गेली, ठोकळाही सैल राहिला. गार यंत्र दोन मिनिटं चालतं. फार तापलं की जळू नये म्हणून आपोआप बंद पडतं. महाराज ते तापूच देत नव्हते!"

कुंकू स्वच्छ पुसलं. तुरीच्या डाळीएवढी पेस्ट ठेवली. ठोकळ्याचे तिरक्या समोरासमोरचे पाय जोडीनं दाबले, चारही टक्कन बसले. पंख्याची वायर जोडली. शितल खुर्चीत बसली आणि यंत्र तासभर चाललं. महाराज कधी सटकले, कळलंही नाही.

"पोरी, चूक माझी, आन् हात तुझा जात व्हता गं..." आण्णांनी तिच्यापुढं हात जोडले.

मी गर्दीकडं वळले. "एवढी माणसं होतात, एकालाही चूल विझवावीशी वाटली नाही? यंत्र बिघडलं तर ते उघडून बघा. आणि कुणी म्हणालं, 'हिच्यामुळंच झालं', तर त्यालाच त्या खुर्चीत बसवा. दोन मिनिटं नाही, पुरी आठ."